पाण्याच्या खुणेवर तुटलेला निरोप

मित्रांनो, बैठकीच्या खोलीत दारावरच्या भिंतीला टांगलेला, दोन शिंगं उभारलेला एखादा डबा तुमच्याही घरी असेल. तो चालू असतो तोवर त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. बंद पडला की मात्र घरातले सगळे एकदम त्याच्याखाली येऊन उभे राहतात. त्याच डब्यांपैकी मी एक, एक जुना राउटर. वय वर्षं अकरा. तुम्हाला हे वय पोरसवदा वाटेल, पण आमच्या जातीत एवढं जगलेला म्हातारा समजतात. सध्या माझा मुक्काम कपाटाच्या वरच्या फळीवर, एक मोडकी छत्री आणि शिलाई मशीनचं झाकण यांच्यामध्ये आहे.

रिकामपणी सगळेच आपापले पराक्रम आठवतात. मीही आठवायला बसतो. पण सुरुवात कुठूनही केली तरी मन फिरून फिरून एका सोमवारपाशी येतं, आणि मला तोंड लपवावंसं वाटतं. आजवर हे कुणाला सांगितलं नाही. तुम्हाला सांगतो.

माझा जन्म एका लांबट कारखान्यात झाला. डोळ्याला भिंग लावलेल्या बायका ओळीने बसलेल्या असत. एकीने माझ्या अंगात तांब्याच्या बारीक रेषांची हिरवी पट्टी बसवली, दुसरीने तिच्यावर मुंगीएवढे तुकडे जोडले, तिसरीने वर पांढरं झाकण दाबून बसवलं. मग मला एका बंद खोलीत नेलं. तिथे माझ्या पोटात काही आकडे भरले गेले. बोलताना कुठली वाट धरायची, आवाज किती चढवायचा, निरोपाचा एक तुकडा केवढा करायचा आणि ‘मी इथे आहे’ अशी हाक किती वेळाने द्यायची, हे सगळं त्या आकड्यांत होतं.

ही हाक म्हणजे माझ्या कामाचा पाया. सेकंदाला दहा वेळा मी ती देतो. तुम्हाला ती ऐकू येत नाही, पण तुमचा फोन, तुमचा लॅपटॉप त्या हाकेवर कान ठेवून असतात. हाक येत राहिली की त्यांचा जीव थाऱ्यावर असतो. ती लागोपाठ चुकू लागली, की मी घरात नाहीच असं समजून ते माझा हात सोडतात. जाणत्या माणसांनी हे आकडे पुष्कळ विचार करून ठरवले होते. ते जिथे बदलता येतात त्या पानाच्या वरच्या बाजूला त्यांनी एक ओळही लिहून ठेवली होती: ‘पुरती माहिती असल्याशिवाय इथे बदल करू नका.’

दुकानाच्या काचेमागे दोन महिने काढल्यावर मी या घरात आलो. घर तिसऱ्या मजल्यावर होतं. बाबा, आई आणि त्यांची मुलगी, अशी तिघं तिथे राहायची. मुलीला सगळे माऊ म्हणत. नाव लहानपणी पडलेलं, ते ती तिशीची झाली तरी कुणी बदललं नाही. आई कपडे शिवत असे. बाबा टेलिफोन खात्यातले लाइनमन. बत्तीस वर्षं ते खांबांवर चढले, जमिनीखालच्या खड्ड्यांत उतरले, आणि तांब्याच्या तारा जोडून त्यांनी हजारो घरांत घंटी वाजवली. मी आलो त्याच महिन्यात ते निवृत्त झाले होते.

मला भिंतीवर बसवलं ते बाबांनीच. पातळी लावून, दोनदा माप घेऊन त्यांनी खिळे ठोकले. माझी उरलेली वायर त्यांनी अशी काही गुंडाळून बांधली, की तिच्यात ना कुठे पीळ, ना कुठे ताण. आई म्हणाली, “अहो, एवढं देखणं काम भिंतीवर कुणाला दिसणार?” बाबा म्हणाले, “लाइनला कळतं.” मित्रांनो, आयुष्यात इतक्या मायेने मला पुन्हा कुणी हाताळलं नाही.

पुढची काही वर्षं फार चांगली गेली. माऊची एक शाळेतली मैत्रीण जन्मापासून ऐकू शकत नव्हती. तिच्याशी गप्पा मारता मारता माऊ हातांची भाषा शिकली होती. त्या भाषेचा मोठा अभ्यासक्रम तिने माझ्याच भरवशावर, कोपऱ्यातल्या खोलीत बसून पुरा केला. परीक्षा झाली, प्रमाणपत्र आलं आणि शहरातल्या मोठ्या रुग्णालयाने तिला दुभाषी म्हणून घेतलं. ज्यांना ऐकू येत नाही असे रुग्ण किंवा त्यांचे नातेवाईक आले, की वॉर्डातली परिचारिका माऊला व्हिडिओवर बोलवायची. डॉक्टर तोंडाने बोलले की माऊ हातांनी सांगायची, आणि समोरचे हात हलले की माऊ ते तोंडाने सांगायची. ये-जा सगळी माझ्यातून. कुणाचं कुठे दुखतं, कुणाला बाळ झालं, हे सगळं आधी माझ्यातून जायचं. माझी छाती फुगायची.

मग हळूहळू घराला माझी सवय झाली. माझ्यावर धूळ बसली. कुणीतरी शेजारी पत्र्याच्या चौकटीचा मोठा आरसा टांगला. कोपऱ्यातल्या खोलीपर्यंत माझा आवाज आधीच जेमतेम पोचायचा, तो आता आणखी क्षीण झाला. माऊचं चित्र अधूनमधून क्षणभर अडकू लागलं.

एका शनिवारी संध्याकाळी चहा पिताना माऊ म्हणाली, “बाबा, माझ्या खोलीत चित्र मधेच अडकतंय. कंपनीला फोन करू का?”

“कंपनीला कशाला? मी काय मेलोय? बत्तीस वर्षं लाइनी दुरुस्त केल्यात.”

माऊ हसून म्हणाली, “अहो बाबा, यात लाइनच नसते हो!”

ती सहज बोलून गेली. आईही हसली. बाबांनी कप खाली ठेवला आणि ते उगाच खिडकीचं दार लावून आले. त्यांना ते लागलं होतं. ज्या माणसाला एके काळी वादळ झालं की साहेब घरी गाडी पाठवायचे, त्याला आता फोनची अक्षरं मोठी करायलाही मुलीला हाक मारावी लागत होती.

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी माऊ आणि आई कापड आणायला बाजारात गेल्या. बाबांनी चष्मा लावला, स्टूल घेतलं आणि मला भिंतीवरून उतरवलं. आधी त्यांनी मऊ फडक्याने माझं सगळं अंग पुसलं, शिंगांच्या सांध्यातली धूळसुद्धा काढली. मग माझ्या पोटावरच्या चिठ्ठीवर छापलेला पासवर्ड कागदावर उतरवला, मला परत टांगलं आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन ते माझ्या आत शिरले.

तो इशारा त्यांनी वाचला. “आम्हाला शिकवतात,” असं म्हणून ते पुढे गेले.

हाकेच्या पुढे शंभर हा आकडा होता. बाबांना वाटलं, आकडा मोठा म्हणजे जोर मोठा. त्यांनी तो हजार केला. खरं तर तो आकडा दोन हाकांमधल्या वेळेचा होता. जिथे मी सेकंदाला दहा हाका देत होतो, तिथे आता जेमतेम एक देणार होतो. मग त्यांनी निरोपाच्या तुकड्याचा आकडा दोन हजारांवरून अडीचशेवर आणला. लहान तुकडे सुटसुटीत जातील असा त्यांचा हिशेब. पण तुकडे वाढले म्हणजे प्रत्येकाची पोच घेण्याचं कामही वाढलं, आणि आधीच दमलेला मी आणखी दमणार होतो.

खांबावर काम करताना बाबा एकही तार जुन्या जागेची खूण बांधल्याशिवाय सोडवत नसत. त्या दुपारी त्यांनी जुने आकडे कुठेही लिहून ठेवले नाहीत.

आता माझी लाज सांगतो. मला तोंड नाही, मी त्यांना अडवू शकत नव्हतो, हे खरं. पण मला अडवावंसंही वाटलं नाही. कित्येक महिन्यांनी कुणीतरी माझी धूळ पुसली होती, कुणीतरी तासभर फक्त माझ्याकडे बघत होतं. त्या कौतुकाने मी सुखावलो होतो. चुकीचे आकडे मी आनंदाने गिळले.

बाबांनी माझ्या अगदी खाली उभं राहून फोनवर एक जुनं नाटक लावून बघितलं. एवढ्या जवळ कुणालाही माझी हाक ऐकू आली असती. नाटक झकास चाललं. “लाइन नसते म्हणे!” असं पुटपुटत त्यांनी लॅपटॉप जागेवर ठेवला. कोपऱ्यातल्या खोलीत जाऊन बघायचं त्यांना सुचलं नाही.

सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला रुग्णालयातून माऊला बोलावणं आलं. समोर एक आई होती, ऐकू न येणारी. शेजारच्या खाटेवर तिची सहा वर्षांची मुलगी. झोपाळ्यावरून पडून मुलीच्या कोपराचं हाड मोडलं होतं, आणि दुपारी बाराला ऑपरेशन होतं. डॉक्टर घाईत होते. ते सांगत गेले, माऊचे हात सांगत गेले, आणि मी धापा टाकत तुकडे पोचवत गेलो.

डॉक्टर म्हणाले, “आता ऑपरेशन होईपर्यंत तिला काही द्यायचं नाही. पाणीसुद्धा द्यायचं नाही.”

मित्रांनो, माऊच्या भाषेत आधी वस्तू येते आणि नकार मागून येतो. तिने आधी ‘पाणी’ अशी खूण केली. पुढची खूण ‘द्यायचं नाही’ ही होती. तिचा हात त्या खुणेसाठी वळला, आणि नेमकं तेव्हाच तिच्या लॅपटॉपने माझी हाक न आल्यामुळे माझा हात सोडला.

पुढचं मला मागाहून माऊच्या तोंडून कळलं. वॉर्डातल्या पडद्यावर माऊ तशीच गोठून राहिली. चेहरा पुढे, डोळे मोठे, आणि हात पाण्याच्या खुणेवर. त्या आईने बराच वेळ ते चित्र पाहिलं. ‘बाकी काही नको, पण पाणी द्या,’ असंच दुभाषी म्हणतेय असं तिला वाटलं. डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले होते. मुलगी सकाळपासून पाणी मागत होती, पण विचारल्याशिवाय आईने ते दिलं नव्हतं. आईने तिला अर्धा पेला पाणी पाजलं.

इकडे माऊ लॅपटॉप उचलून धावत माझ्याखाली आली. जवळ आल्याबरोबर मी तिला लगेच ओळखलं, पण तोवर वॉर्डातला पडदा दुसऱ्या रुग्णाकडे गेला होता. तिने रुग्णालयात फोन लावला. एकाने दुसऱ्याकडे दिला, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. परिचारिका फोनवर आली तेव्हा वीस मिनिटं होऊन गेली होती.

पोटात पाणी असताना भूल देता येत नाही. नेमलेली वेळ हुकली आणि ऑपरेशन मंगळवारवर गेलं. मोडलेला हात घेऊन ती पोर आता आणखी एक दिवस कळवळणार होती. आणि वॉर्डातले लोक तिच्या आईवर ओरडले. “स्पष्ट सांगितलं होतं ना!” तिला ओरडणं ऐकू येत नव्हतं, पण तोंडं दिसत होती.

हे सगळं फोनवर ऐकून माऊ दाराशी, माझ्या अगदी खाली बसली आणि रडायला लागली. बाबा आतून पेला भरून घेऊन आले.

“घे, पाणी घे. काय झालं?”

तिने सांगितलं. बाबांनी पेला तिच्यापुढे ठेवला. त्यांनी वर माझ्याकडे पाहिलं. माझे सगळे दिवे रोजच्यासारखेच लुकलुकत होते.

“हा डबाच मेलेला दिसतोय,” माऊ म्हणाली.

बाबांचे ओठ हलले. मग ते म्हणाले, “हो, जुना झालाय तो. कंपनीकडूनही काही असेल.”

मंगळवारी रुग्णालयातल्या मुख्य परिचारिकांचा निरोप आला. नेमकं काय झालं ते लेखी कळवा, तोपर्यंत तुम्हाला काम देता येणार नाही. माऊ कोपऱ्यातल्या खोलीतून फारशी बाहेर येईना. बाबा दोनदा लॅपटॉपपाशी जाऊन बसले, पण पूर्वीचे आकडे काय होते ते त्यांना काही केल्या आठवेना. विचारायचं तर केलेलं कबूल करावं लागणार. घास तोंडात घोळवत बसायचे. आई म्हणायची, “तुम्हाला बरं नाही का?” तर “दात दुखतोय” म्हणायचे.

गुरुवारी कंपनीकडून दुरुस्तीवाल्या बाई आल्या. चाळिशीच्या, पाठीला पिशवी, केस घट्ट बांधलेले. स्टुलावर चढून मला हात लावायच्या आधी त्या माझ्या वायरीकडे बघत राहिल्या.

“ही कोणी बांधली?”

“यांनी,” आई कौतुकाने म्हणाली. “टेलिफोनमध्ये होते ना.”

“वाटलंच. आमच्यात आता असं बांधणारं कुणी उरलं नाही.”

मग त्यांनी आपला लॅपटॉप उघडला. एकेक पान बघत त्या आकड्यांच्या पानावर आल्या आणि थांबल्या. “हजार?” त्या स्वतःशीच म्हणाल्या. थोडं खाली जाऊन पुन्हा थांबल्या. हे आकडे आपोआप होत नाहीत, कुणीतरी बसून टाइप करावे लागतात, हे त्यांना कळायला वेळ लागला नाही. त्यांनी मान वर केली. बाबा खिडकीशी उभे राहून रस्त्यावर काहीतरी फार महत्त्वाचं चालल्यासारखं बघत होते. त्यांची मान लाल झाली होती.

माऊने विचारलं, “काय झालंय नक्की?”

बाईंनी एकदा बाबांच्या पाठीकडे पाहिलं, एकदा माझ्या वायरीकडे. “डबा जुना झालाय, ताई. जुन्या डब्यांचे आकडे कधी कधी आपोआप हलतात. मी नीट केलेत, पण बदलूनच टाका.”

मी? आपोआप? आयुष्यात एकही आकडा मी माझ्या मनाने हलवला नव्हता. सगळ्यांसमोर माझी अब्रू गेली, आणि मला ओरडता येत नव्हतं. पण खरं सांगू? बाबांच्या खाली गेलेल्या मानेकडे पाहून मला वाटलं, जाऊ दे, माझ्यावरच घे.

बाई निघाल्या तेव्हा बाबा त्यांना दारापर्यंत सोडायला आले. मी दाराच्या वरच असल्यामुळे मला ऐकू आलं. त्या हळूच म्हणाल्या, “काका, पुढच्या वेळी जुना आकडा लिहून ठेवत जा.” बस, एवढंच. आवाजात ना टोमणा, ना राग. त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर बाबांना सोपं गेलं असतं. दार लावून घेतल्यावरही बाबांचा हात किती वेळ कडीवरच होता.

शनिवारी सकाळी माऊ रुग्णालयाला द्यायचं पत्र लिहून बाहेर आली. आई मशीनवर बसून बाही जोडत होती. “ऐका हं दोघं,” माऊ म्हणाली आणि वाचू लागली. “‘माझ्या घरातलं यंत्र जुनं झाल्यामुळे त्यातले आकडे आपोआप बदलले. यात कुणाचाही दोष नाही. यंत्र बदलत आहोत. आपली विश्वासू...’”

“ते वाक्य खोड,” बाबा म्हणाले.

“कुठलं?”

“कुणाचाही दोष नाही, ते.”

“का? त्या बाई तसंच म्हणाल्या की.”

“त्यांनी माझी लाज राखली.” बाबांनी चष्मा काढला. “माऊ, मी हात लावला होता.”

आईची मशीन थांबली.

“कधी?” माऊने विचारलं.

“रविवारी. तुम्ही बाजारात गेला होतात तेव्हा. तुझं चित्र अडकतं म्हणालीस, म्हटलं, आपण करून दाखवू. मला त्यातलं काही कळत नव्हतं. कळतंय असं मी मानून चाललो.”

आई म्हणाली, “अहो, आणि सहा दिवस गप्प बसलात? पोरीचं काम गेलं, तिकडे ती बिचारी बाई बोलणी खात होती!”

माऊने पत्राची घडी केली, पुन्हा उलगडली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

“सोमवारी मी या दाराशी रडत होते. तुम्ही मला पाणी आणून दिलंत, बाबा. तेव्हा तरी सांगायचं.”

“तोंडाशी आलं होतं. मग तू म्हणालीस, डबाच मेला. मला तेवढी वाट मिळाली आणि मी पळालो.”

माऊ उठून खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. बाबा तिथेच बसून राहिले. मी वर, ते खाली. तासाभराने माऊ बाहेर आली. तिने नवं पत्र लिहिलं होतं. त्यात लिहिलं होतं, की घरातल्या माणसाने न सांगता राउटरचे आकडे बदलले आणि मी कामाला बसण्याआधी जोडणी तपासून घेतली नाही.

“यात तुझी काय चूक?” बाबा कळवळून म्हणाले.

“रोज नऊ वाजता तपासते. त्या दिवशी कंटाळा केला. माझं मी लिहिलंय, तुमचं तुम्ही सांगायचं. उद्या वॉर्डात जायचंय. ती मुलगी अजून तिथेच आहे.”

त्या दुपारी बाबा माऊचं जुनं पुस्तक उघडून आरशासमोर उभे राहिले. पुस्तकातलं चित्र बघून ते पुन्हा पुन्हा एक खूण करत होते. माऊला विचारायचं धाडस त्यांना झालं नाही.

रविवारी दोघं गेली, आणि परत आल्यावर माऊने आईला जे सांगितलं ते मी ऐकलं. बाबा त्या आईसमोर उभे राहिले आणि त्यांनी पाठ केलेली खूण केली. ‘माझं चुकलं’ म्हणायचं होतं. बोटं भलतीकडे गेली आणि झालं ‘माझं नाक हरवलं’. ती बाई आधी बघतच राहिली, मग तिला हसू फुटलं. खाटेवरची पोरही प्लास्टरातला हात धरून हसली. बाबांना काही कळेना. मग माऊने सगळी हकीगत हातांनी सांगितली, आणि त्या बाईचं हसू गेलं. तिने आधी मुलीच्या प्लास्टराकडे पाहिलं, मग बाबांकडे. शेवटी तिने बाबांची बोटं आपल्या हातात धरली, जिथे असायला हवीत तिथे नेऊन ठेवली आणि ती खूण त्यांच्याकडून नीट करून घेतली.

मग तिने काहीतरी विचारलं. माऊने ते बाबांना सांगितलं: “त्या म्हणतायत, मला सांगितलंत ते ठीक. पण हे या लोकांना सांगाल का? ते मला अडाणी समजतात.”

बाबा त्या लोकांकडे गेले. मुख्य परिचारिका, दोन कर्मचारी आणि फेरीवर आलेले ते डॉक्टर, सगळ्यांसमोर उभे राहून ते म्हणाले, “या बाईंनी काही चूक केली नाही. त्यांच्यापर्यंत अर्धाच निरोप पोचला. तो मी तोडला होता.” हे सांगताना माऊ थांबली. म्हणाली, “आई, बाबा भिंतीचा आधार घेऊन उभे होते गं. खांबावर चढणारा माणूस!”

रुग्णालयाने माऊला महिनाभर काम दिलं नाही. नंतर घेतलं, पण एका अटीवर: तिच्या खोलीपर्यंत वायर टाकलेली हवी, हवेवरच्या जोडणीच्या भरवशावर बसायचं नाही. ती अट बाबांनी दोनदा वाचली. ते नुसते माऊकडे बघत राहिले. माऊ म्हणाली, “टाकाल का?” तेव्हा कुठे त्यांनी हत्यारांची पेटी काढली. भिंतीला भोक पाडायच्या आधी त्यांनी विचारलं, “इथे पाडू का?” दुसरं पाडायच्या आधी पुन्हा विचारलं. माऊने आकड्यांचं पान उघडलं, एकेक आकडा मोठ्याने वाचला, त्याचा अर्थ शोधून सांगितला, आणि बाबांनी तो पाटीवर लिहिला. ती पाटी त्यांनी माझ्याखाली टांगली.

त्या वायरीवरून मी पुढे दोन वर्षं काम केलं. माऊचं चित्र एकदाही अडकलं नाही. मग माझ्यापेक्षा चपळ असा एक नवा डबा आला, आणि मी या फळीवर आलो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. दमलेल्याने बाजूला व्हावं हेच बरं.

मित्रांनो, माझ्यासारख्या डब्याची धूळ अधूनमधून पुसा, त्याच्या शेजारी पत्रा, आरसा ठेवू नका, हे तर मी सांगेनच. पण माझी खरी विनवणी वेगळी आहे. घरातल्या यंत्राला हात लावण्याआधी, त्या वेळी त्याच्यावर कुणाचं काम चाललंय ते विचारा. काय बदललं ते लिहून ठेवा. आणि बदल करून झाल्यावर यंत्राखाली उभं राहून समाधान मानू नका. सगळ्यात लांबच्या खोलीत जाऊन बघा, कारण हाक तुटते ती तिथे.

एवढं करूनही बिघडेल. यंत्रंही चुकतात, माणसंही. तेव्हा कुणी विचारायच्या आधी सांगून टाका: मी हात लावला होता. चारच शब्द आहेत. आमच्या बाबांना ते म्हणायला सहा दिवस लागले, आणि ते सहाही दिवस ती आई वॉर्डात मान खाली घालून बसली होती.